पासष्ट टक्क्यांचा पंप

राजरत्न शेजवळला माझ्यामुळे पाच महिने उशीर झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल जे कौतुकाने लिहिणार आहे त्याने कुणाची दिशाभूल व्हायला नको. चौतीस वर्षं मी ठाण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. आधी बोलायचं आणि मग विचार करायचा ही माझी जुनी खोड. मुलं मला टरकून असायची, त्यामुळे ती खोड कधी उघडी पडली नाही.

राजरत्न आमच्या माजिवड्याच्या सोसायटीचे पाण्याचे पंप सांभाळतो. आसपासच्या आणखी सात इमारतींचेही सांभाळतो. राहायला आंबिवलीला. त्याचे वडील तिथल्याच एका कारखान्याच्या पंपहाउसमध्ये होते. तो कारखाना बंद पडला, पण तोवर पोरगं वडिलांच्या डब्यासोबत पंपांचं सगळं ज्ञान घरी घेऊन आलं होतं. पंप बिघडला की तो आधी पाना काढत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. मग सांगतो, "हा अजून दोन महिने ओढेल." दोन महिन्यांनी तो पंप बसतो. मी तारखा लिहून ठेवून पाहिलंय, मला असल्या गोष्टी तपासल्याशिवाय चैन पडत नाही.

सुरुवातीला मी त्याला "अहो शेजवळ" म्हणायचे. तो म्हणाला, "मॅडम, अरे म्हणा हो. बारावीला फिजिक्समध्ये सहा मार्कांनी गेलेलो मी. तुमच्या वर्गात असतो तर गेलो नसतो." तेव्हापासून तो माझा विद्यार्थी झाला, आणि तोही असा की चोपन्नाव्या वर्षी स्वतःहून प्रश्न विचारणारा. त्याच्या बोलण्यातला एकच शब्द मला खुपायचा. विहिरीत किंवा टाकीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी एक झडप असते. पाणी वर येऊ देते, परत खाली जाऊ देत नाही. तिला म्हणतात फूट व्हॉल्व्ह. हा तिला फुटबॉल म्हणायचा. मी दोनतीनदा सुधारून पाहिलं. तो म्हणाला, "मॅडम, दुकानात जाऊन फूट व्हॉल्व्ह मागितला ना, तर तो दोन मिनिटं माझं तोंड बघतो. फुटबॉल मागितला की लगेच काढून देतो." मी हात टेकले.

एकदा पंपरूममध्ये चहा पिता पिता त्याने विचारलं, "मॅडम, माणसाच्या छातीतला पंप किती एचपीचा असेल?"

मला असा प्रश्न कुणी विचारला की मी चहा विसरते. लाइट बिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडला. पंपाचं काम म्हणजे दाब गुणिले ढकललेलं पाणी, हृदयाचंही तेच. रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. सरासरी शंभर धरला तर पाण्याच्या उंचीत तो साडेचार फुटांच्या आसपास येतो.

"हेड साडेचार फूट?" राजरत्नचा चेहरा पडला. पाणी किती उंच चढवायचं, त्याला ही मंडळी हेड म्हणतात. "मॅडम, फिशटँकचा पंप तरी बरा."

"अरे थांब की. एका ठोक्याला सत्तर मिली. मिनिटाला पाच लिटर. दिवसाला सात हजार लिटरच्या वर. आता लाव साडेचार फूट."

तो मनातल्या मनात करत होता. मीच सांगून टाकलं, "हजार लिटरची भरलेली टाकी रोज तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर नेऊन ठेवायची, एवढं काम होतं."

"आणि वॅट?"

"एकाच्या थोडं वर."

"एक वॅट!" तो खो खो हसला. मग त्याने आमच्या दोन पंपांकडे पाहिलं. एक चालू होता, एक बंद. नेहमी एक चालतो आणि दुसरा तयारीत असतो. "पण मॅडम, ह्याला स्टँडबाय नाय," असं म्हणून त्याने कप खाली ठेवला.

पुढच्या मार्चमध्ये त्याने मला गेटवर गाठलं. सोसायटीच्या लिफ्टवरून कमिटीत वाद चालला होता आणि मी भांडायलाच निघाले होते. चष्मा डोक्यावर, हातात कागद, तोंडात पहिलं वाक्य तयार. त्याने मोबाइल पुढे केला. "मॅडम, माझ्या पंपाचा रिपोर्ट आला. ई एफ पासष्ट टक्के आहे. चांगलं ना?"

हे कसं झालं ते सांगते. पंपावर पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर एचपी, हेड आणि 'ई एफ एफ' अशी अक्षरं ठोकलेली असतात. ई एफ एफ म्हणजे पंपाची कार्यक्षमता. खाल्लेल्या विजेतली किती पाणी चढवण्याच्या कामी आली, ते त्यावरून कळतं. आमच्या नव्या पंपावर अठ्ठावन्न आहे. राजरत्नने हृदयाच्या इको रिपोर्टवर ई एफ वाचलं आणि जन्मभर वाचलेली पट्टी त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याची चूक मी समजू शकते. मी तर चष्माही खाली ओढला नाही.

"पासष्ट? उत्तम आहे की! आपल्या नव्या पंपापेक्षा चांगला आहेस तू."

"डॉक्टर ऑपरेशन बोलतात. हार्टचा वॉल लीक आहे म्हणे, झडप."

"अरे, हल्ली कुणाला धाप लागली तरी ऑपरेशन सांगतात. दुसऱ्या कुणाला तरी दाखव," असं म्हणत मी चालायलाही लागले होते. सगळं मिळून दहा सेकंद. लिफ्टच्या भांडणात मी जिंकले, हेही नोंदवून ठेवते.

त्याने दुसऱ्या कुणाला दाखवलं नाही. मॅडमनी सांगितल्यावर आणखी कुणाला कशाला दाखवायचं?

ऑगस्टमध्ये एका सकाळी बेल वाजली. दारात त्याची मुलगी पायल. कल्याणला कुरिअरच्या ऑफिसात आहे, पंचविशीची असेल. आधी एकदाच पाहिलं होतं तिला, पेढे द्यायला आली होती तेव्हा. आज हातात जाडजूड फाइल होती. बस म्हटलं तर बसली नाही.

"मॅडम, तुम्ही हार्टच्या डॉक्टर आहात का?"

"नाही गं. का?"

"मग बाबांना उत्तम आहे असं कसं सांगितलंत?"

इतक्या सरळ मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी पुन्हा खुर्ची पुढे केली. तीच बोलली. "एक जिना चढला की बसतात. परवा तुमच्याच पंपरूममध्ये बसून राहिलेले, वॉचमनने मला फोन केला. सरकारी योजनेचं कार्ड झालंय, ऑपरेशनची तारीख मिळतेय, सगळं झालंय. पण हे ऐकतच नाहीत. म्हणतात, पासष्ट टक्के देणारा पंप कोण उघडतो? मॅडम म्हणाल्या उत्तम आहे. रोज तेच. मॅडम म्हणाल्या, मॅडम म्हणाल्या!"

मी फाइल घेतली आणि या वेळी चष्मा लावून वाचली. पहिल्याच पानावर सगळं होतं. ई एफचा कार्यक्षमतेशी काही संबंध नाही. हृदयाच्या मुख्य कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडतं, एवढंच तो आकडा सांगतो. बाहेर म्हणजे कुठे, ते सांगत नाही. राजरत्नच्या हृदयाची आत घेणारी झडप फाटली होती. प्रत्येक ठोक्याला निम्मं रक्त पुढे शरीरात जात होतं आणि निम्मं मागे फुप्फुसांच्या बाजूला. मागे दाब कमी, वाट सोपी. म्हणून कप्पा भराभर रिकामा व्हायचा आणि आकडा छान दिसायचा. हृदय दुप्पट राबत होतं आणि उपयोगाचं काम निम्मं होत होतं. शिवाय प्रत्येक वेळी परत आलेलं रक्त पुन्हा भरून घ्यायचं, म्हणून कप्पा ताणून मोठा होत चालला होता. आठवड्यापूर्वीच्या दुसऱ्या इकोत पासष्टचे पंचावन्न झाले होते.

मला बसवेना. मी स्वयंपाकघरात गेले, गॅसवर चहा ठेवला, गॅलरीत गेले, परत आले, चहा उतू गेला होता. दरवर्षी मी वर्गात विचारायचे, भिंत ढकलून ढकलून घामाघूम झालेल्या माणसाने किती काम केलं? शून्य! मुलं हसायची आणि मला फार बरं वाटायचं. इथे एक माणूस दर मिनिटाला सत्तर वेळा भिंत ढकलत होता, आणि मी त्याला शाबासकी देऊन लिफ्टसाठी भांडायला गेले होते.

"तुम्ही चुकलात हे तुम्हीच सांगा त्यांना," पायल म्हणाली. "माझं नाही ऐकत."

"येते. उद्या दुपारी येते."

"आज का नाही?"

मी गॅस पुसायचा सोडला आणि चपला घातल्या.

आंबिवलीपर्यंत ती फाइलच्या कडेवर बोटं वाजवत राहिली. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. माझी चूक झाली, हे वाक्य मी चौतीस वर्षांत फळ्यासमोर कधी म्हटलं नव्हतं. फळ्यावर चुकलं तरी मी म्हणायचे, कुणाच्या लक्षात आलं का?

चाळीत त्याच्या दाराबाहेर तो स्टुलावर बसून कुणाच्या तरी मिक्सरची मोटर उघडत होता. मला पाहून उठायला गेला आणि चौकट धरून तसाच थांबला. त्याची बायको उत्तरा पाणी घेऊन बाहेर आली, तिने आधी त्याला बसवलं आणि मग मला तांब्या दिला. पाच महिन्यांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता, आणि सोसायटीत येता-जाता मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. खरं सांगते, मला पळून जावंसं वाटलं.

"राजरत्न, माझी चूक झाली," मी उभ्याउभ्याच म्हटलं. "तो आकडा पंपाच्या पट्टीवरचा नाही. मी न वाचता बोलले. तुझ्या छातीत मोटरपंप नाहीच, हापसा आहे. दांडा मारला की एकदा पाणी, परत मारला की परत. आणि त्याचा..."

"खालचा फुटबॉल गेलाय," तो म्हणाला.

"हो. फुटबॉल गेलाय."

तो मिक्सरच्या मोटरकडे बघत राहिला. "फुटबॉल गेलेला हापसा हलका चालतो मॅडम. दांडा मस्त हलतो. नवीन माणसाला वाटतं, काय भारी चाललाय. बादली बघितली की कळतं." मग सावकाश म्हणाला, "मला जूनमध्येच कळलेलं."

पायल दारात होती. ती वळली. "काय?"

"पंप चांगला असता तर बादली भरली असती ना. मी जिना चढू शकलो असतो."

"मग मला फोन का नाही केलास?" मी जवळजवळ ओरडलेच.

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं."

उत्तरा तिथेच उंबऱ्यावर बसली. राजरत्न आमच्यापैकी कुणाकडेच न बघता बोलायला लागला. "चालू पंपाचा वॉल बदलता येत नाही. आधी पंप बंद करायला लागतो. डॉक्टर ते पटकन बोलून गेले, मी ऐकलं. आता मॅडम, तीस वर्षांत मी काय बघितलंय सांगू? जुना पंप आवाज करत का होईना, चालत असतो. सर्व्हिसिंगला बंद करा, साफ करा, सगळं नवीन टाका. बटण दाबलं की हूं करतो आणि जाम होतो. पुन्हा उचलतच नाही. म्हणून मी लोकांना बोलतो, चालू आहे तोवर हात लावू नका. आता माझा चोपन्न वर्षांचा पंप हे बंद करणार."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे लगेच उत्तर होतं, नेहमी असतंच. मी ते गिळलं.

"ह्यावर माझ्याकडे काही नाही," मी म्हटलं. "पुन्हा उचलेल की नाही, हे मी सांगणार नाही. मला ते माहीत नाही. जो उघडणार आहे त्याला विचारू. उद्या. मी बरोबर येते, पण तोंड उघडणार नाही."

"तुम्ही?" पायल म्हणाली. त्या दिवसभरात ती पहिल्यांदा थोडी हसली, पण लगेच सावरली.

सर्जन चाळिशीचे होते, घाईत होते, पण राजरत्नने हातातली टोपी चुरगळत "बंद केल्यावर उचलतो का?" असं विचारलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ते म्हणाले, हृदयाचं मोटरसारखं नसतं. त्याला चालवायला बाहेरून बटण लागत नाही. आम्ही औषध देऊन त्याला थांबवून ठेवतो. ते औषध धुवून पुन्हा गरम रक्त सोडलं की बहुतेक वेळा ते आपणहून चालू होतं. नाहीच झालं तर हलका झटका देतो. शंभरातल्या एकदोघांना मोठा धोका असतो, तो मी लपवत नाही.

"आणि बंद असतो तेवढा वेळ रक्त कोण फिरवतं?"

"बाहेर मशीन असतं. ते सगळं सांभाळतं."

"म्हणजे स्टँडबाय आहे," राजरत्न म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. त्याने पेनासाठी पायलकडे हात केला आणि फॉर्मवर सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी दीड मी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये किती फेऱ्या मारल्या, मोजल्या नाहीत. मी, म्हणजे प्रत्येक गोष्ट मोजणारी बाई. पायल म्हणाली, "मॅडम, बसा ना, मला चक्कर येते." मी बसले, पाय हलवत राहिले. उत्तरा एका कोपऱ्यात भिंतीला टेकून शांत होती आणि तिची ती शांतता मला सहन होत नव्हती. मी तिच्यापाशी जाऊन म्हटलं, "तुम्ही माझ्यावर रागावला असाल." ती म्हणाली, "रागावलेय. पण आत्ता नको ते." दीड वाजता दार उघडलं. झडप शिवली होती, बदलावी लागली नव्हती. हृदय झटक्याशिवाय चालू झालं होतं. पायलने आईला मिठी मारली आणि मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रडले, कारण त्या मिठीत शिरायचा मला अधिकार नव्हता.

आठव्या दिवशी, घरी सोडायच्या आधी, पुन्हा इको झाला. मी भेटायला गेले तेव्हा राजरत्न पलंगावर उशीला टेकून बसला होता आणि रिपोर्ट त्याच्या मांडीवर होता. गाल बसले होते, पण रंग आला होता. एक जिना चढून आल्याचं त्याने मला दोनदा सांगितलं. मग रिपोर्ट पुढे केला.

"ई एफ चाळीस. मॅडम, हे काय झालं? पासष्ट होते, पंचावन्न झाले, आता वॉल शिवला तर चाळीस?"

"मी नाही सांगणार. डॉक्टरांना विचार."

"विचारतोच. पण तुम्ही आधी मांडा. तुमच्या हातचं गणित बघायचंय मला."

मी नको नको म्हटलं. तो ऐकेना. शेवटी पायलने तिच्या पर्समधून पेन काढून दिलं. मी चष्मा लावला, जुना आणि नवा असे दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि पाठकोऱ्या कागदावर सावकाश लिहिलं. ऑपरेशनआधी कप्प्यात दोनशे मिली, त्याचे पंचावन्न टक्के म्हणजे एकशे दहा. त्यातलं निम्मं मागे. शरीराला मिळालं पंचावन्न मिली. आता कप्पा लहान झाला आहे, एकशे सत्तर. त्याचे चाळीस टक्के म्हणजे अडुसष्ट. मागे काही नाही. शरीराला मिळालं अडुसष्ट मिली. पुन्हा सगळं तपासलं. खाली रेघ मारली.

"तेरा मिली जास्त!" राजरत्न म्हणाला. "बघ उत्तरा, चाळीसवर जास्त पाणी."

"थांब," मी म्हटलं आणि कागद पायलच्या हातात दिला. "आधी डॉक्टरांना दाखवून ये. माझं चुकलेलं असू शकतं."

ती गेली. राजरत्न उत्तराला फुटबॉल, हापसा आणि बादली समजावून सांगत बसला. ती दूध ओतता ओतता हूं हूं करत होती. मी दाराकडे बघत होते. दहा मिनिटांनी पायल परत आली, कागद वडिलांच्या हातात दिला.

"बरोबर आहे म्हणाले. असंच असतं. आधीचा आकडा फुगलेला होता, आता खरा दिसतोय." मग ती माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "आणि हेही म्हणाले, की मार्चमध्ये केलं असतं तर बहुतेक पन्नासच्या वर राहिलं असतं. आता जड मोटरी उचलायच्या नाहीत. कधीच."

राजरत्नने कागदावरून नजर काढली नाही. मी मान हलवली. पाच महिन्यांच्या उशिराचं ते गणित मला त्या ऑगस्टच्या सकाळपासून येत होतं, कागदावर मी ते लिहिलं नव्हतं एवढंच.